शून्य म्हणजे सर्व क्षेम: एक्झिट कोडची गोष्ट

आजचा भाग एका आकड्याबद्दल आहे. हा आकडा स्क्रीनवर दिसत नाही, कुणी विचारल्याशिवाय स्वतःहून बोलत नाही, आणि तरी त्याच्यावर बरंच काही अवलंबून असतं. तुम्ही ज्या ॲपवर हे ऐकताय, ते ॲप तयार होताना कुठल्यातरी सर्व्हरवर एकामागून एक प्रोग्रॅम चालले आणि प्रत्येकाने संपताना एक आकडा मागे ठेवला. ० असेल तर पुढची पायरी. दुसरं काही असेल तर थांबा. याला म्हणतात एक्झिट कोड.

ज्यांनी टर्मिनल कधी उघडलेलं नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. काळ्या खिडकीत आपण कमांड टाइप करतो, प्रोग्रॅम चालतो, संपतो. संपताना तो दोन प्रकारे बोलू शकतो: एक म्हणजे माणसाला वाचता येईल असा मजकूर छापून, आणि दुसरं म्हणजे ज्याने त्याला सुरू केलं त्याच्या हातात गुपचूप एक आकडा देऊन. आपल्याकडे जुन्या पत्रांत सुरुवातीलाच 'इकडील सर्व क्षेम' लिहायची पद्धत होती ना, शून्य म्हणजे तेवढंच. क्षेम असेल तर पुढे सांगण्यासारखं काही नसतं. नसेल तर काय झालं ते सांगावं लागतं आणि त्यासाठी बाकीचे आकडे. यश एकच असतं, अपयशाचे प्रकार अनेक, म्हणून यशाला ० आणि अपयशाला उरलेली सगळी रांग. सी भाषा शिकलेल्यांचा इथे हमखास गोंधळ होतो, कारण तिथे ० म्हणजे खोटं, आणि शेलमध्ये ० म्हणजे खरं. कॉलेजमध्ये हे कुणी नीट सांगत नाही, तिथे फक्त 'रिटर्न झिरो' पाठ करून घेतात.

आता मागे जाऊ. युनिक्सच्याही आधी.

आयबीएमने १९६४ मध्ये सिस्टिम/३६० जाहीर केली. खोलीभर मशीन, आणि काम द्यायचं ते पंचकार्डांच्या गठ्ठ्यातून. एका जॉबमध्ये अनेक पायऱ्या असायच्या आणि प्रत्येक पायरी संपताना रिटर्न कोड द्यायची. ते कोड कोणते, तर ०, ४, ८, १२, १६. सगळे चारच्या पटीत. का? त्या मशीनवर उडी मारण्याची एक सूचना ४ बाइटची असायची. उड्यांचा एक तक्ता करून ठेवायचा आणि आलेला कोड सरळ त्या तक्त्याच्या पत्त्यात मिळवायचा, की बरोबर हव्या त्या उडीवर पोचता. गुणाकार नको, तुलना नको. ० म्हणजे उत्तम, ४ म्हणजे इशारा, ८ म्हणजे चूक, १६ म्हणजे आटोपलं. मेनफ्रेमवर काम करणारा कुणी काका ओळखीचा असेल तर त्यांना विचारा, 'आरसी चार चालेल का?' ते लगेच म्हणतील, चालेल.

फक्त एक भानगड होती. जॉबच्या भाषेत 'कंड' नावाची अट लिहायची, आणि ती उलटी चालायची. अट खरी ठरली तर पायरी चालवायची नाही, वगळायची! म्हणजे आकडा बरोबर, तो विचारणाराही हजर, पण प्रश्नच उलटा. यात पिढ्यांची डोकी फिरली आहेत.

त्याच दशकात मल्टिक्स नावाची दुसरी मोठी सिस्टिम चालू होती. एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्ज मिळून ती बनवत होते. तिथले टॉम व्हॅन व्ह्लेक एक आठवण सांगतात. ते डेनिस रिचींना म्हणाले की मल्टिक्समध्ये मी लिहितो त्यातला निम्मा कोड चुका सावरण्यासाठीच असतो. त्यावर रिचींचं म्हणणं साधारण असं, की आम्ही ते सगळं वगळलं. आमच्याकडे 'पॅनिक' नावाचं एक रूटीन आहे, ते बोलावलं की मशीन बंद पडतं आणि तुम्ही हॉलच्या पलीकडे ओरडून सांगता की परत सुरू करा. ऐकायला गंमत वाटते, पण युनिक्सचा स्वभाव यात आला आहे. सिस्टिम लहान ठेवायची आणि चूक तपासण्याचं काम वरच्या माणसावर सोडायचं.

युनिक्सची सुरुवात १९६९ ची, बेल लॅब्जमध्ये, पीडीपी-७ नावाच्या तेव्हाही जुनाट म्हणवल्या जाणाऱ्या मशीनवर. रिचींनी नंतर लिहिलेल्या एका इतिहासवजा पेपरात एक तपशील आहे, तो मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत आवडतो. सुरुवातीला शेलला 'कमांड संपली' हे कळायचं कसं? आज त्यासाठी 'वेट' नावाचा सिस्टिम कॉल आहे, तेव्हा नव्हता. तेव्हा प्रोसेस एकमेकांना निरोप पाठवू शकायच्या. तर शेल काय करायचा, नवी प्रोसेस सुरू करायचा आणि तिला एक निरोप पाठवून बसून राहायचा. ती प्रोसेस निरोप वाचायचीच नाही, ती आपलं काम करत राहायची. काम संपवून ती नाहीशी झाली, की अडकलेला निरोप एरर घेऊन परत यायचा: अशी प्रोसेसच अस्तित्वात नाही. आणि शेल म्हणायचा, चला, काम झालं!

म्हणजे युनिक्सच्या पहिल्या दिवसांत काम संपल्याची खूण ही एक एररच होती. टपालवाला 'पत्त्यावर कुणी राहत नाही' म्हणून पत्र परत आणतो आणि आपण त्यावरून समजायचं की मंडळी सुखरूप गावाला निघाली. नंतर निरोपांची ती सोय काढून टाकली आणि त्या जागी साधासरळ 'वेट' आला.

मग पीडीपी-११ आलं, १६ बिटांचं. मरणाऱ्या प्रोसेसची सगळी माहिती एका १६ बिटांच्या शब्दात कोंबायची ठरली. खालचे ८ बिट कशासाठी, तर प्रोसेस कुठल्या सिग्नलने मारली गेली आणि कोअर डंप पडला का हे सांगायला. वरचे ८ बिट प्रोग्रॅमने स्वतः दिलेल्या आकड्यासाठी. झालं. ८ बिट म्हणजे ० ते २५५. पन्नास वर्षं होऊन गेली, तुमच्या खिशातल्या ६४ बिटांच्या फोनवरही एक्झिट कोड अजून त्याच ८ बिटांत राहतो.

यातून एक फार वाईट सापळा तयार होतो. समजा तुम्ही टेस्ट चालवणारा प्रोग्रॅम लिहिला आणि ठरवलं की जितक्या टेस्ट नापास तितका एक्झिट कोड. कल्पना छान. ३ नापास तर ३, ४० नापास तर ४०. आता २५६ नापास झाल्या तर? २५६ हे ८ बिटांत मावत नाही. गाडीच्या मीटरसारखं चक्र पुन्हा शून्यावर येतं. म्हणजे २५५ टेस्ट नापास असतील तर बिल्ड लाल, आणि अजून एक नापास झाली की हिरवं! पर्ल भाषेची प्रसिद्ध टेस्ट लायब्ररी म्हणूनच २५४ च्या वर मोजणं सोडून देते. कितीही नापास होवोत, कोड २५४.

एक छोटी गोष्ट मधेच सांगतो. आधी एररचा मजकूरही नेहमीच्या आउटपुटमध्येच मिसळून जायचा. बेल लॅब्जमध्ये फोटोटाइपसेटरवर कागदपत्रं छापायचे. महागडं यंत्र, वेळखाऊ काम. एवढं करून सुबक अक्षरांत छापून काय यायचं, तर 'फाइल उघडता आली नाही'. असं झाल्यावर एररसाठी वेगळा प्रवाह काढला, तोच आपला स्टँडर्ड एरर. आकडा एका वाटेने, तक्रार दुसऱ्या वाटेने, माल तिसऱ्या वाटेने. ही वाटणी आजही तशीच आहे.

आकडा तर आला, पण तो ऐकणार कोण? केन थॉम्प्सन यांच्या शेलमध्ये 'इफ' आणि 'गोटू' हे शेलचे भागही नव्हते, ते बाहेरचे स्वतंत्र प्रोग्रॅम होते. 'गोटू' तर स्क्रिप्टच्या फाइलमध्ये शोधत जायचा आणि वाचण्याची जागाच सरकवून ठेवायचा. शेलला पत्ता नाही, तो आपला पुढची ओळ समजून तिथून वाचायला लागायचा. जुगाड म्हणतात तो हा.

१९७९ मध्ये युनिक्सची सातवी आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर स्टीव्ह बोर्न यांचा शेल. एक्झिट कोडला खरी प्रतिष्ठा इथे मिळाली. बोर्न शेलच्या 'इफ'ला तुम्ही अट देत नाही, कमांड देता. ती कमांड चालवायची, तिने ० दिला तर 'देन', नाही तर 'एल्स'. दोन अँड चिन्हं म्हणजे 'पहिलं जमलं तरच दुसरं', दोन उभ्या रेघा म्हणजे 'पहिलं फसलं तर दुसरं'. आणि डॉलर प्रश्नचिन्ह म्हणजे शेवटच्या कमांडचा कोड. हा $? फार नाजूक असतो बरं का. मधे एक साधा 'इको' जरी टाकलात तरी तो त्या इकोचा कोड होऊन बसतो. हवा असेल तर लगेच उचलून व्हेरिएबलमध्ये ठेवा.

सिग्नलने मेलेल्या प्रोसेससाठी शेलची रीत अशी, की १२८ मध्ये सिग्नलचा नंबर मिळवायचा. कंट्रोल-सी म्हणजे सिग्नल २, म्हणून १३०. 'किल वजा नऊ' म्हणजे १३७. कंटेनर चालवणाऱ्या मंडळींना हा १३७ चांगला ओळखीचा असेल: मेमरी संपली आणि कर्नलने गळा धरला. १२७ म्हणजे अशी कमांडच सापडली नाही, १२६ म्हणजे सापडली पण चालवता येत नाही.

पण शून्य सोडून सगळं अपयश, असंही नाही हां. 'ग्रेप' घ्या. शब्द सापडला तर ०, नाही सापडला तर १, आणि फाइलच उघडली नाही तर २. 'डिफ'चंही तसंच: दोन फाइल सारख्या तर ०, वेगळ्या तर १, गडबड झाली तर २. नापास होणं वेगळं आणि परीक्षेलाच न बसणं वेगळं. मी आजवर पाहिलेल्या स्क्रिप्टांमध्ये सर्वांत जास्त गोंधळ इथेच असतो. '० नाही ना, मग सापडला नाही' असं धरून पुढे जातात. प्रत्यक्षात फाइलच वाचता आलेली नसते.

बाकीच्या जगाने आपापले मार्ग काढले, तिकडे फार वेळ घालवत नाही. डेकच्या व्हीएमएसमध्ये विषम आकडा म्हणजे यश, सम आकडा म्हणजे अपयश. मायक्रोसॉफ्टच्या डॉसला हे सुचायला १९८३ ची २.० आवृत्ती उजाडली, आणि तिथे 'इफ एररलेव्हल १' याचा अर्थ 'बरोबर १' नसून '१ किंवा जास्त' असा! म्हणून बॅच फाइलमध्ये मोठ्या आकड्यापासून खाली उतरत तपासावं लागायचं.

बर्कलेमध्ये मात्र एक शहाणपणाचं काम झालं. एरिक ऑलमन ईमेल पोचवणारा प्रोग्रॅम लिहीत होते, जो पुढे सेंडमेल म्हणून गाजला. मेल पोचला नाही म्हणजे काय? पत्ता चुकीचा, की समोरचं मशीन तात्पुरतं बंद? पहिल्या वेळी पत्र परत पाठवायचं, दुसऱ्या वेळी थांबून पुन्हा प्रयत्न करायचा. एकाच '१' मधून हे कळणार कसं? म्हणून त्यांनी ६४ पासून पुढे अर्थ लावून दिलेले कोड केले. ६४ म्हणजे कमांड वापरायलाच चुकलात. ६६ म्हणजे इनपुटची फाइल मिळाली नाही. आणि ७५ म्हणजे तात्पुरतं अपयश, नंतर पुन्हा या. इंजिनीअरिंगवाल्यांना लगेच कळेल, ७५ म्हणजे एटीकेटी. माझ्या मते ही यादी सगळ्यांनी वापरायला हवी होती. ती फाइल आजही जवळपास प्रत्येक लिनक्स आणि मॅकवर पडून आहे, आणि बहुतेक प्रोग्रॅम अजून सरसकट १ देतात.

आता फोनकडे येऊ, कारण इथे खरी किंमत कळते.

२०१० साल. अँड्रॉइडचे फोन नवे नवे होते आणि 'रूट' करायची क्रेझ होती. सेबास्टियन क्रामर नावाच्या सुरक्षा संशोधकाने एक प्रोग्रॅम काढला, नाव 'रेज अगेन्स्ट द केज'. त्याने जे भोक वापरलं ते म्हणजे एक न तपासलेला रिटर्न कोड.

फोनमध्ये 'एडीबी'चा एक डीमन असतो, केबल लावल्यावर कॉम्प्युटरशी बोलणारा. तो सुरू होताना रूट म्हणून, म्हणजे सर्वाधिकारी म्हणून सुरू व्हायचा, थोडी तयारी करायचा आणि मग 'सेटयूआयडी' कॉल करून स्वतःचे अधिकार सोडायचा. साधा 'शेल' नावाचा युजर बनायचा. चांगली पद्धत आहे. फक्त, सेटयूआयडी जमलं की नाही हे तो बघत नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, अधिकार सोडणं कसं काय फसेल? राजीनामा द्यायला कोण अडवतं? तर लिनक्समध्ये तेव्हा एक नियम होता. प्रत्येक युजरला प्रोसेसची कमाल मर्यादा असते. एखाद्या युजरची मर्यादा भरलेली असेल, तर दुसऱ्या प्रोसेसला त्या युजरमध्ये बदलता येणार नाही. कॉल एरर देणार: नंतर प्रयत्न करा. क्रामरच्या प्रोग्रॅमने एवढंच केलं. शेल युजर म्हणून प्रोसेसमागून प्रोसेस काढत मर्यादा गाठली. मग डीमनला मारलं. सिस्टिमने शिस्तीत डीमन पुन्हा सुरू केला, रूट म्हणून. डीमनने सेटयूआयडी म्हटलं, कर्नल म्हणाला जागा नाही. डीमनने उत्तर ऐकलंच नाही आणि आपण आता साधे युजर झालो असं समजून कामाला लागला, रूटच राहून. पुढच्या वेळी केबलवरून शेल उघडला की सर्वाधिकार तुमच्या हातात.

दुरुस्ती किती? उत्तर तपासा, शून्य नसेल तर बाहेर पडा. एक 'इफ'. शेवटी २०११ मध्ये लिनक्सच्या ३.१ आवृत्तीत कर्नलवाल्यांनी ती मर्यादा तपासण्याची जागाच बदलली, कारण सेटयूआयडीचं उत्तर न तपासणारे प्रोग्रॅम जगात इतके आहेत की त्यांच्या भरवशावर बसण्यात अर्थ नाही. मला हा निर्णय पटतो. न ऐकणाऱ्याला दोष देणं सोपं आहे, पण सी भाषेत उत्तर टाकून देणं हे ते ऐकण्यापेक्षा सोपं ठेवलंय. काहीच न लिहिणं म्हणजे दुर्लक्ष. मौनाला संमती मानणारी ही भाषा. रस्टसारख्या नव्या भाषांचा कंपायलर निदान विचारतो तरी, की एवढं उत्तर आलं, त्याचं काय केलंस?

दुसरी घटना ३१ जानेवारी २०१७ ची, गिटलॅबची. एका इंजिनीअरने रात्री उशिरा चुकीच्या सर्व्हरवरची डेटाबेसची डिरेक्टरी उडवली. सेकंद-दोन सेकंदांत लक्षात आलं, पण साधारण ३०० जीबी गेले होते. ठीक आहे, बॅकअप असेल. बघायला गेले तर बॅकअपची जागा रिकामी. डेटाबेस पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीचा आणि बॅकअप घेणारी कमांड ९.२ ची. आवृत्ती जुळत नाही म्हणून ती दर वेळी एरर देऊन बाहेर पडत होती. तिने तिचं काम चोख केलं होतं. क्रॉननेही केलं, फसल्याचा ईमेल पाठवला. पण त्या ईमेलवर लागणारी सही नव्हती, म्हणून तो मेलसर्व्हरने नाकारला. निरोप निघाला, दारापर्यंत पोचला, दार बंद. योगायोगाने सहा तासांपूर्वी कुणीतरी वेगळ्याच कामासाठी घेतलेला स्नॅपशॉट होता, त्याने वाचवलं. तरी सुमारे ५,००० प्रोजेक्ट, ५,००० कॉमेंट आणि ७०० नवी खाती यांवर परिणाम झाला. गिटलॅबने हे सगळं स्वतः जाहीर लिहिलं, दुरुस्तीचं काम यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं. त्यासाठी त्यांना मानलं पाहिजे.

बॅकअपचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. बॅकअपची कमांड बहुतेक लोक पाइप लावून जीझिपला जोडतात. पाइपलाइनचा एक्झिट कोड म्हणजे फक्त शेवटच्या कमांडचा कोड. पहिली कमांड फसली, तिने काहीच दिलं नाही, जीझिपने त्या 'काहीच नाही'ला नीट दाबून २० बाइटची फाइल केली आणि ० दिला. रोज रात्री एक फाइल, तारीख घातलेली, २० बाइटची. तुमच्याकडे असे बॅकअप असतील तर आज एकदा त्यांचा आकार बघा. यावर 'पाइपफेल' नावाचा पर्याय आहे. कॉर्न शेलमध्ये आला, बॅशमध्ये २००४ ला आला, आणि पॉझिक्स या अधिकृत मानकात शिरायला २०२४ साल लागलं.

'सेट वजा ई' लावा की झालं, असंही सांगतात. चूक झाली की स्क्रिप्ट तिथेच थांबते. हा पर्याय बोर्नच्या १९७९ च्या शेलपासून आहे. पण तुमचं फंक्शन जर 'इफ'च्या अटीत बोलावलं असेल, तर त्या फंक्शनच्या पोटात हा नियम पूर्ण बंद असतो. आतली पहिली ओळ फसली तरी दुसरी खुशाल चालते. मी तो लावतो, पण त्याच्यावर विसंबत नाही.

जाता जाता सगळ्यांत छोट्या प्रोग्रॅमबद्दल. 'ट्रू' नावाची एक कमांड आहे. तिचं काम एकच: यशस्वी होणं. काही न करता ० देणं. सातव्या आवृत्तीत ही कमांड म्हणजे चक्क रिकामी फाइल होती. शून्य बाइट. रिकामी स्क्रिप्ट चालवली की काहीच फसत नाही, म्हणून ०. पुढे एटी अँड टीच्या आवृत्तीत त्या रिकाम्या फाइलला कॉपीराइटची सूचना चिकटली, म्हणजे काहीही न करण्यावरही मालकी!

ग्नूची 'ट्रू' मात्र सी मध्ये लिहिलेला पूर्ण प्रोग्रॅम आहे, तिला 'व्हर्जन' विचारता येतं. आणि लिनक्सवर '/डेव्ह/फुल' नावाची एक फाइल असते, कायम भरलेल्या डिस्कचं सोंग घेणारी. कॉलेजात शिकलेला 'हॅलो वर्ल्ड' तिच्याकडे वळवून बघा. एक अक्षर लिहिलं जात नाही, आणि तरी प्रोग्रॅम ० देतो. ग्नूची मंडळी यात कडक आहेत. त्यांच्या कमांड संपताना आपलं आउटपुट खरंच बाहेर पडलं का, हे तपासतात. म्हणून 'ट्रू'ला व्हर्जन विचारा, तिचं उत्तर /डेव्ह/फुलकडे वळवा आणि लगेच डॉलर प्रश्नचिन्ह इको करा. १ येतो.

पुढच्या भागात पाइप. भेटू.